कुलाबा स्टेशन आणि एक बुडीत खाते

पौडला रेल्वे स्टेशन नाही. तहसील कचेरी आहे, पोलीस ठाणे आहे, एस. टी.चा थांबा आहे आणि शनिवार-रविवारी मुळशीच्या धरणाकडे निघालेल्या मोटारींची न संपणारी रांग आहे. पण आगगाडी पाहायची तर पुण्याला, चिंचवडला नाहीतर लोणावळ्याला जावे लागते. बँकेतली नोकरी संपल्यावर मी इथे राहायला आलो तेव्हा मुंबईच्या मित्रांना काळजी पडली होती, की लोकलच्या धडधडाटाशिवाय याला झोप कशी लागणार. झोप उत्तम लागते. मात्र मुंबईतले एक स्टेशन माझ्याबरोबर इथवर आले आहे, आणि गंमत अशी की ते मी कधी पाहिलेलेच नाही. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी ते बंद झाले आणि पुढे पाडलेही गेले. त्याचे नाव कुलाबा टर्मिनस.

त्याची माझी ओळख करून दिली ती एका वृद्ध खातेदाराने. १९८० नंतरच्या काही वर्षांत मी कफ परेडच्या बाजूच्या एका शाखेत होतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ पासबुक भरून घ्यायला येत. पांढरा कोट, काळी टोपी, हातात छत्री. एकदा सहज बोलता बोलता ते म्हणाले, की तरुणपणी आपण इथून चालत पाच मिनिटांवर, कुलाबा स्टेशनात, पार्सलांच्या पावत्या फाडत होतो. मी मनात म्हटले, वय झाले. चर्चगेट म्हणायचे असेल. आणि नुसते मनात म्हणून थांबलो नाही, तरुण अधिकाऱ्याच्या अगोचरपणाने त्यांची चूक दुरुस्तही केली. ते रागावले नाहीत. पुढच्या महिन्यात आले, काउंटरवरची एक कोरी भरणा-चिठ्ठी उलटी केली आणि तिच्यावर पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. वर लिहिले चर्चगेट. रेघ तिथे थांबली नाही; खाली, खाली, समुद्राच्या कडेकडेने गेली आणि शेवटी एका छोट्या आडव्या रेघेवर टेकली. त्या आडव्या रेघेवर बोट ठेवून ते एकच शब्द बोलले, "बफर."

ती चिठ्ठी बरीच वर्षे माझ्या टेबलाच्या खणात होती. पुढे एका बदलीत हरवली. ती हरवल्याची रुखरुख अजून आहे, आणि हा लेख थोडासा तिच्या बदल्यात आहे.

कापसाच्या मागे आलेली गाडी

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बी. बी. अँड सी. आय. ही रेल्वे कंपनी १८५५ सालची. नावात पहिला शब्द मुंबईचा असला तरी तिचे काम सुरू झाले गुजरातेत. पहिली गाडी धावली ती सुरतच्या परिसरात, १८६० मध्ये. तिथून दक्षिणेकडे सरकत सरकत ती मुंबईत पोहोचली तेव्हा १८६४ चा नोव्हेंबर उजाडला होता. जी. आय. पी.ची गाडी बोरीबंदरहून ठाण्याला जाऊ लागून अकरा वर्षे उलटली होती. उशिरा आलेल्या पाहुण्याला दाराजवळचा पाट मिळावा तशी या कंपनीला जागा मिळाली ग्रँट रोडला. मुंबईतले तिचे पहिले 'शेवटचे स्टेशन' ते.

पण खरा माल होता दक्षिणेला, कुलाब्यात. कोटातल्या हिरवळीवर, म्हणजे आज हॉर्निमन सर्कल आहे त्या परिसरात, भरणारा कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्याला हलवला गेला होता. त्याच्या सहा वर्षे आधी कॉजवे झाला होता आणि भरतीच्या वेळी तुटणारी ही बेटे मुंबईला कायमची जोडली गेली होती. मोकळी जागा, समुद्र जवळ, गलबतांची सोय. भडोच-सुरतेचा कापूस वाहणाऱ्या कंपनीला त्या बाजाराच्या दारात गाडी नेऊन उभी करायची होती. मधे अडचण होती जमिनीची.

ती अडचण ज्या रीतीने सुटली ती आम्हा बँकवाल्यांना विशेष बोध देणारी आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा एवढा आला की ठेवायचा कुठे हे कळेना. मग कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करू म्हणणारी बॅकबे रेक्लमेशन कंपनी त्यातली सर्वांत बडी. तिचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या पलीकडे गेला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, त्यापाठोपाठ भाग कोसळले, कंपन्या कोसळल्या आणि शेवटी बँक ऑफ बॉम्बेही गेली. मागे उरला तो बॅकबेच्या काठाने भरलेला जमिनीचा एक चिंचोळा पट्टा. तो सरकारकडे आला आणि त्यावरून रेल्वेला वाट मिळाली.

म्हणजे मुंबईचा पश्चिमेकडचा लोहमार्ग एका दिवाळखोरीच्या शिल्लकीवर बसलेला आहे. बुडीत खात्यातून अशी वसुली माझ्या सबंध नोकरीत मी पाहिली नाही.

त्या पट्ट्यावरून गाडी एकेक पाऊल पुढे आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली, दिवसाला जाऊन-येऊन एकच. १८७० ला चर्चगेट आले. १८७३ मध्ये गाडी कुलाब्याला पोहोचली. तिथे मात्र पुढे जमीन फार उरली नव्हती आणि जायचे तरी कुठे, असाही प्रश्न होता. लगोलग, ९ मे १८७४ रोजी, मुंबईतली पहिली घोड्यांची ट्राम निघाली तीही कुलाब्याहूनच. कुलाबा ते पायधुणी, भाडे तीन आणे. ज्या कुलाब्याला एका पिढीपूर्वी भरती-ओहोटी पाहून जावे लागे, तिथून आता एकीकडे गुजरात आणि दुसरीकडे पायधुणी जोडली गेली. मूळ रहिवासी कोळी मात्र होते तिथेच, आपल्या होड्या ओढून ठेवत, आपल्या किनाऱ्याच्या कडेने नवा किनारा कसा तयार होतो ते पाहत.

कचेरीला घुमट, स्टेशनला छप्पर

टर्मिनस हा वास्तुकलेतला मोठा गमतीदार प्रकार आहे. एरवी स्टेशन हे गाडीच्या बाजूला उभे असते. गाडी येते, थांबते, पुढे जाते. स्टेशन नुसते साक्षीदार. टर्मिनसमध्ये इमारत गाडीच्या समोर छाती काढून उभी राहते आणि सांगते, बस, इथपर्यंतच. म्हणून टर्मिनसच्या इमारतीला चेहरा लागतो. सगळे फलाट जिथे मिळतात तो मोठा चौक लागतो, कारण उतरलेला प्रत्येक माणूस एकाच दिशेने बाहेर पडणार. टांगे-व्हिक्टोरिया उभ्या राहायला अंगण लागते. आणि वाफेच्या काळात आणखी एक गोष्ट लागत असे, ती म्हणजे मागे भरपूर जागा. कारण गाडी घेऊन आलेले इंजिन बफरापाशी कोंडले जाते. दुसऱ्या इंजिनाने डबे मागे ओढून नेल्याशिवाय, किंवा शेजारच्या मोकळ्या रुळावरून वळसा घेतल्याशिवाय त्याची सुटका नाही. मग त्याला फिरवायला चक्री, कोळसा-पाण्याची सोय, डबे धुवायच्या लाइनी. प्रवाशाला दिसतो फलाट. टर्मिनसचा खरा पसारा असतो तो त्याच्या पाठीमागच्या यार्डात.

जी. आय. पी.ने आपल्या टर्मिनसला जो चेहरा दिला तो सगळ्या जगाला ठाऊक आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ पासून दहा वर्षे खपून उभारलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ साली जागतिक वारसा ठरले. बी. बी. अँड सी. आय.नेही बोलावले त्याच स्टीव्हन्सला. पण इथे दोन कंपन्यांच्या स्वभावातला फरक दिसतो. जी. आय. पी.ने कचेरी आणि स्टेशन एकाच महालात बसवले. बी. बी. अँड सी. आय.ने महाल बांधला तो चर्चगेटसमोर आणि नुसत्या कचेरीसाठी. १८९९ मध्ये पुरी झालेली ती घुमटांची इमारत आज पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे. काळसर बेसाल्ट, त्यात पांढऱ्या दगडाचे पट्टे, आणि पश्चिमेकडच्या, म्हणजे तेव्हाच्या समुद्राकडच्या माथ्यावर, हातात आगगाडीचे इंजिन घेऊन उभी असलेली शिल्पमूर्ती. चर्चगेटहून रोज लाखो माणसे तिच्याखालून जातात. वर मान करून पाहणारे विरळा.

आणि कुलाबा? पहिली तेवीस वर्षे तिथे कामचलाऊ बांधणीवर भागवले गेले. १८९६ मध्ये नवी इमारत उघडली. ती व्ही. टी.च्या पंगतीला बसणारी नव्हती. कंपनीचा पैसा, मिरवायची हौस आणि स्टीव्हन्सची प्रतिभा हे तिन्ही त्याच वर्षांत चर्चगेटच्या कचेरीवर खर्च होत होते. कुलाबा हे काम करणारे स्टेशन होते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कापसाची गोदामे, मधे रूळ आणि गाठी. ऐपत असलेल्या घरात बैठकीची खोली सजवतात आणि स्वयंपाकघराला चुना मारून भागवतात, तसा हा प्रकार. पण घर चालते ते स्वयंपाकघरावर.

शेवटची तीन वर्षे

कोणत्याही खात्याची अखेरची वर्षे पाहावीत. त्यात सगळे कळते. कुलाब्याची अखेरची तीन वर्षे तर फारच दिमाखाची दिसतात. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ती तीन वर्षे आधी, ३ फेब्रुवारी १९२५ ला, जी. आय. पी.च्या व्ही. टी.–कुर्ला मार्गावर. आता पश्चिमेकडचा मार्गही धूर टाकून मोकळा झाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला फ्रंटियर मेल सुरू झाली. कुलाब्याच्या फलाटावरून निघालेली ही गाडी दिल्ली, लाहोर करत थेट पेशावरला जायची. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला खैबरची खिंड, आणि त्या दोन टोकांपैकी एक टोक हे आमचे चुना मारलेले स्वयंपाकघर. माझ्या पासबुकवाल्या गृहस्थांनी पार्सलांच्या पावत्या फाडल्या त्या याच दिवसांत.

हा दिमाख होता तेव्हाच आतून पाया काढला जात होता. १९२० नंतर सरकारने बॅकबेचा समुद्र हटवण्याचा बेत पुन्हा हाती घेतला होता. या वेळी खासगी कंपनी नव्हती, गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांचे विकास खाते होते. ११४५ एकर जमीन करायची होती. प्रत्यक्षात हाती आली ती जेमतेम ४४० एकर. खर्चाचे आकडे फुगले, गाळ ठरेना, आणि खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी या कारभाराची अशी लक्तरे काढली की चौकशी समिती नेमावी लागली. ज्यांच्या नावाने आज नरिमन पॉइंट ओळखला जातो ते हे नरिमन, समुद्र बुजवण्याच्या गैरकारभारावर तुटून पडलेले. मुंबईला विनोदबुद्धी आहे ती अशी.

पण अर्धवट का होईना, जमीन तयार होणार होती. आणि चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतचा दोन-अडीच किलोमीटरचा लोहमार्ग बरोबर त्या नव्या जमिनीच्या आणि जुन्या शहराच्या मधून जात होता. कालपर्यंत तो शहराची समुद्राकडची कड होता. आता तो शहराच्या पोटातला अडसर ठरणार होता. कुलाब्यातला कापसाचा बाजारही याच दशकात शिवडीकडे हलला. ज्याच्यासाठी गाडी आली तो माल गेला, ज्यावरून गाडी आली ती जमीन महाग झाली.

तिसरे एक कारण मला वाटते, ते विजेचे आहे. विजेच्या लोकलला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. गाडी बफरापर्यंत येते, मोटरमन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि दोन-चार मिनिटांत तीच गाडी उलट निघते. इंजिन कोंडले जात नाही, चक्री नको, कोळसा-पाणी नको. मोठे यार्ड नसलेले चर्चगेट उपनगरी गाड्यांचे टर्मिनस म्हणून पुरे पडू शकले ते यामुळे. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बॉम्बे सेंट्रल बांधले गेले. क्लॉड बॅटलींचा आराखडा, शापूरजी पालनजींचे बांधकाम, अवघ्या एकवीस महिन्यांत पुरे. १८ डिसेंबर १९३० रोजी गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते ते उघडले, आणि त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी कुलाबा बंद झाले. ज्या विजेने कुलाब्याला नवे आयुष्य मिळाले असे वाटले, तिनेच त्याची गरज संपवली.

पुढे रूळ निघाले, इमारत गेली. ओव्हल मैदानात उभे राहून पूर्वेकडे पाहिले तर हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही गॉथिक रांग दिसते. पश्चिमेकडे पाहिले तर १९३० नंतरच्या गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. एक रांग एकोणिसाव्या शतकाची, दुसरी विसाव्या. दोन शतकांमधली जी शिवण आहे तिच्याच आसपास पूर्वी कुलाब्याचे रूळ होते. ते निघाले म्हणून दुसरी रांग समुद्राच्या जमिनीवर उभी राहू शकली. वारशाच्या फलकावर हे कुणी लिहीत नाही.

टर्मिनसच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. बहुतेक लोकांनी हे नाव ऐकले ते २००८ च्या २६ नोव्हेंबरला, अतिरेकी समोरच्या मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा. स्टेशन तिथे होते हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. आणि २८ जून २०१५ च्या रविवारी सकाळी चर्चगेटला एक लोकल बफर तोडून फलाटावर चढली. चूक मानवी होती, चौकशी झाली, सुदैवाने मोठी हानी टळली. ते छायाचित्र वर्तमानपत्रात पाहताना मला एकदम ती भरणा-चिठ्ठी आठवली. गाडीचे तोंड दक्षिणेला होते. पंचाऐंशी वर्षांनी एक गाडी कुलाब्याच्या दिशेने चार पावले चालून गेली होती.

पौडमधून पाहताना

आता वाचक विचारतील, हे सगळे मुंबईत बसून लिहायचे. पौडचा इथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला मुंबईत असताना कधीच सुचला नसता. प्रश्न साधा आहे. १९२८ च्या जानेवारीत कुलाब्याहून सुटलेल्या त्या पहिल्या विजेच्या गाडीत वीज आली कुठून?

ती आली टाटांच्या जलविद्युत कंपन्यांकडून. या कंपन्या तीन. पहिलीचे पाणी लोणावळ्याच्या तलावांतले, वीजघर खोपोलीचे, १९१५ पासून. दुसरी आंध्र खोऱ्याची, वीजघर भिवपुरीचे. तिसरी मुळशीची. मुळा नदी आमच्या तालुक्यात अडवली, पूर्वेकडे जाणारे तिचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे वळवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. ते वीजघर सुरू झाले १९२७ मध्ये. भिरा आज रायगड जिल्ह्यात आहे, आणि त्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत काय होते? कुलाबा. एका कुलाब्यात पाणी पडायचे, दुसऱ्या कुलाब्यात गाडी सुटायची. तिन्ही ठिकाणची वीज एकत्रच मुंबईला जात असे, तेव्हा कोणत्या गाडीला कोणत्या खोऱ्यातले पाणी लागले हे कुणीच वेगळे काढून दाखवू शकणार नाही. पण जमेच्या बाजूला मुळशी होती, एवढे नक्की.

आणि नावेच्या बाजूला काय होते? मुळशीच्या खोऱ्यातली पन्नासच्या वर गावे. भातखाचरे, देवळे, सहाणी, स्मशाने. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे अशी माणसे या खोऱ्यात हिंडली. पण लढ्याच्या आत एक दुसरे गणित चालू होते आणि जुन्या बँकवाल्याची नजर नेमकी तिथेच जाते. मावळ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणात पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. जमीन कसणाऱ्याला पोटाशी होती. सावकाराला ती वहीतली एक नोंद होती. जमीन गेली तर कसणाऱ्याचे सगळे जाणार होते, सावकाराला रोख मोबदला मिळणार होता. म्हणून एका टप्प्यावर 'जान किंवा जमीन' म्हणणारे आणि मोबदल्याचा दर वाढवून मागणारे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तारण कुणाचे आणि ताबा कुणाचा, हा भेद मी आयुष्यभर कर्जाच्या कागदांवर पाहिला. त्या भेदापायी एक खोरे हरू शकते, हे मला इथे आल्यावर कळले.

आणि आगगाडीच म्हणाल तर मुळशीनेही ती पाहिली आहे. धरणासाठी माल आणि मजूर वाहायला कंपनीने रूळ टाकले होते. लढ्याच्या शेवटच्या पर्वात, १९२४ च्या अखेरीस, बापट आणि त्यांच्या साथीदारांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. गणित करून पाहा: मुळशीचे पाणी भिऱ्याला पडू लागले तेव्हा सेनापती तुरुंगात होते, कुलाब्याहून विजेची गाडी सुटली तेव्हा तुरुंगात होते, आणि कुलाबा टर्मिनस बंद झाले त्या रात्रीही तुरुंगातच होते. म्हणजे ज्या स्टेशनाच्या गाड्यांसाठीही हे खोरे बुडाले, ते स्टेशन हे खोरे वाचवू पाहणाऱ्या माणसाची शिक्षा संपण्याआधी मोडीत निघाले.

मी हे कुणावर ठपका ठेवायला लिहीत नाही. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या, लोकल चालल्या, त्यांत उभा राहून मी पस्तीस वर्षे पगार आणला. मुळशी तालुक्यातल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष मुंबईत याच गिरण्यांत, गोद्यांत, डबेवाल्यांत राबले. आम्ही सगळेच त्या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आहोत. पण हिशेबाची एक रीत असते. एखादी रक्कम वसूल होणार नाही असे दिसले तर ती बुडीत खाती टाकतात. तरी वहीतून खोडत नाहीत. नोंद राहते, तारीख राहते, नाव राहते. पुढच्या माणसाला पान उलटून पाहता येते. कुलाबा स्टेशनची नोंद निदान रेल्वेच्या जुन्या दप्तरात आहे. बुडीत क्षेत्रातल्या गावांची नोंद कुठे आहे? उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की काही ठिकाणी घरांची जोती आणि देवळाचे दगड वर येतात. आमच्या शेजारच्या एक आजी दरवर्षी मे महिन्यात मुलाच्या मोटरसायकलवर बसून काठावर जातात. त्यांच्या सासऱ्यांचे गाव पाण्याखाली आहे. त्यांनी स्वतः ते कधीच पाहिलेले नाही. मी एकदा विचारले, "आजी, न पाहिलेलं गाव ओळखता कसं?" त्या म्हणाल्या, "तुमी न पाह्यलेलं ठेसन वळखता, तसंच की."

तेव्हापासून मी कुलाब्याविषयी हळहळणे कमी केले. स्टेशनासाठी रडायचे कारण नाही. ग्रँट रोड, बॅकबे, चर्चगेट, कुलाबा, पुन्हा चर्चगेट. 'शेवटचे स्टेशन' हा बिल्ला सहासष्ट वर्षांत इतक्यांदा या छातीवरून त्या छातीवर गेला. शहराला जमीन स्वस्त होती तोवर गाडी पुढे आली, जमीन महागली तशी मागे हटली. ती इमारत पडली तेव्हा कुणाचे घर पडले नाही, प्रवासी चर्चगेटला उतरू लागले, फ्रंटियर मेल बॉम्बे सेंट्रलहून सुटू लागली. नुकसान एवढेच, की एक गोष्ट होती हे लोक विसरले. त्यावर उपायही स्वस्त आहे: बधवार पार्कच्या फाटकाशी एक दगडी पाटी, आणि तिच्यावर तीन वर्षे, १८७३, १८९६, १९३०. अशीच एक पाटी पौडच्या एस. टी. थांब्यावर हवी. तिच्यावर मात्र जास्त जागा लागेल, कारण गावांची नावे पन्नासच्या वर आहेत.

हे करायला आत्ताच सवड आहे असे मला वाटते, कारण गाडी पुन्हा या बाजूला सरकू लागली आहे. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, तिचे एक टोक कोथरूडच्या वनाजला आहे. आणि तो रस्ता, ज्यावर ते उभे आहे, त्याचे नाव पौड रोड. वनाजहून चांदणी चौकापर्यंत ती वाढवायला केंद्राने २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिली. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, मग पिरंगुट, मग आम्ही. इथे जमिनीचे भाव विचारायला येणारे लोक आत्ताच पुलाच्या कठड्याशी मोटार लावून पाहणी करताना दिसतात. टर्मिनसचा बिल्ला कधी काळी पौडच्या छातीवर लागेलही. त्या दिवशी कुणीतरी नव्या फलाटावर उभे राहून विचारील, की इथे आधी काय होते?

त्याला दाखवायला निदान एक उलटी केलेली भरणा-चिठ्ठी तरी आपल्यापाशी असावी.